चार अंश सेल्सिअस

अंबड, नाशिक
४ नोव्हेंबर २०२५

मोहिनी,

तुझा फोन माझ्यासाठी बंद आहे, म्हणून हे तू शिकवतेस त्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. योगेशने तुझा निरोप दिला : "'चढ' काढून टाक. सगळीकडून." त्यावर काही करण्याआधी काय घडलं ते क्रमाने लिहिते. चुकलं असेल तिथे दुरुस्त कर.

१. डिसेंबर २०२३ मध्ये आपण तिघांनी आपल्या बँडचा, 'खरड छाटणी'चा, पहिला अल्बम रेकॉर्ड केला. जागा : दिंडोरीकडे माझ्या चिमाजीमामाचं द्राक्षांचं पॅकहाउस, त्यातली माल थंड करायची खोली. हंगाम सुरू होईपर्यंत ती रिकामी असते.

२. गाणी तुझी, आवाज आणि गिटार तुझी. ड्रम योगेशचे. बेस माझा. रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगही माझं.

३. 'चढ' सगळ्यात शेवटी केलं. तुझ्या आईवरचं गाणं. तिसरा टेक ठेवला. त्यात दुसऱ्या कडव्यापासून तुझा आवाज थरथरतो आणि शेवटपर्यंत थांबत नाही.

४. जून २०२४ मध्ये अल्बम आला. लोकांनी 'चढ' उचललं, बाकीच्या गाण्यांकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

५. जुलैत पुण्याच्या एका यूट्यूब वाहिनीने थेट प्रक्षेपणात मुलाखत घेतली. त्यांनी तुला विचारलं, ही थरथर कुणासाठी होती? तू तोंड उघडण्याआधी मी म्हटलं, "खोली चार अंशांवर होती. ती कुडकुडत होती."

६. सगळे हसले. तो तुकडा अल्बमपेक्षा जास्त पाहिला गेला.

७. सप्टेंबरात पुण्याच्या कार्यक्रमात तू 'चढ' अर्ध्यात सोडून स्टेजवरून उतरलीस. त्यानंतर आपण एकत्र वाजवलेलं नाही.

८. या ऑगस्टमध्ये तुझ्या आई, सावित्रीबाई, गेल्या. मला ऑक्टोबरात कळलं, योगेशकडून.

आठव्या मुद्द्यावर मला लिहायचं आहे. आज जमत नाही.

कामाचं एवढंच : आपली गाणी सगळीकडे लावणाऱ्या कंपनीचा करार ३० नोव्हेंबरला नवा होतो. गाणं काढायचं तर तिघांच्या वतीने मी तसं लेखी द्यायचं. योगेशने ते तुझ्यावर सोडलं आहे.

तेजस्विनी


अंबड
९ नोव्हेंबर

मोहिनी,

उत्तराची वाट न पाहता लिहिते आहे, कारण पहिल्या पत्रातला पाचवा मुद्दा अपुरा आहे. वाचणाऱ्याला वाटेल, मी चुकून बोलले.

आज रविवार म्हणून मामाकडे गेले होते. खोली धुऊन ठेवली आहे. या वर्षी पावसाने बागा उशिरा धरल्यात, माल जानेवारीच्या अखेरीला येईल म्हणतो. आपण भिंतींना लावलेली कांद्याची पोती त्याने अजून टाकलेली नाहीत. मला म्हणाला, "घेऊन जा ना तुझा स्टुडिओ. नाहीतर पुन्हा वाजवा. तुमच्या ढोलापेक्षा माझा कॉम्प्रेसर सुरात आहे, तेवढं सांगतो." मी म्हटलं, बघू. तुझा माइकचा स्टँड कोपऱ्यात आहे. तुझ्याच उंचीवर आहे. मी खाली केलेला नाही.

पोती लावायला तुला आणि योगेशला पूर्ण दिवस लागला होता. खोलीच्या भिंती फोमच्या जाड पत्र्याच्या, बाहेरचा ट्रॅक्टरही आत ऐकू यायचा नाही, पण आतला आवाज घुमायचा. मी टाळी वाजवून मोजायचे आणि सांगायचे, अजून एक पोतं. योगेश शिडीवरून ओरडला होता, "इंजिनिअरबाई, भावनेचं युनिट काय हो? तेवढं सांगा, म्हणजे मोजून वाजवतो." तू खाली बसून हसत होतीस. तू म्हणालीस, "तिला विचारू नको, ती शोधून आणेल."

मी कारखान्यात यंत्रांची थरथर मोजते. कुठलं बेअरिंग जाणार आहे ते आवाजावरून सांगायचा पगार मिळतो. थरथर कशाची आहे हे मला साधारण कळतं.

त्या दिवशी खोलीतले पंखे बंद होते. पंखे चालू असते तर टेक वापरता आला नसता, त्यांची घरघर प्रत्येक शब्दाखाली आली असती. यंत्रणा सुरू झाली ती पुढच्या आठवड्यात, माल आल्यावर. तू अर्ध्या बाहीच्या कुर्त्यात गायलीस. आत थंडी नव्हती. हे तुला माहीत आहे, तू आत होतीस.

म्हणून मुलाखतीनंतर गाडीत तू विचारलंस, "थंडी कुठं होती गं?"

मी म्हटलं, "नव्हती."

"मग?"

योगेश गाडी चालवत होता, त्याने गाण्यांचा आवाज कमी केला आणि पुन्हा वाढवला. संगमनेर गेल्यावर तू म्हणालीस, "मी सांगणार होते. आईला सांगून ठेवलं होतं, शेजारच्यांच्या मोबाइलवर आज ऐक म्हणून. मी तिचं नाव घेणार होते."

सिन्नरला तू उतरून चहा घेतलास, एकटीने.

मी खोटं बोलले, हे लिहून देते. का, ते पुढच्या पत्रात.

तेजस्विनी


अंबड
१४ नोव्हेंबर

मोहिनी,

दोन पत्रं पोचली असतील तर तू वाचत आहेस किंवा फाडत आहेस. दोन्ही चालेल. लिहायचं मी ठरवलं आहे.

पुण्याचा कार्यक्रम. पहिल्या रांगेत एका पोरीने सप्टेंबरात कानटोपी घातली होती. तू 'चढ'चं पहिलं कडवं म्हणेपर्यंत सगळे शांत होते. मला वाटलं, निभावलं. मग दुसरं कडवं आलं :

तुझ्या पाठीआडून दिसायची वाट,
मला वाटायचं, वाट तुझीच आहे

आणि समोरच्या सगळ्यांनी एकदम हात चोळायला सुरुवात केली. दातांवर दात वाजवून हुहुहु करत होते. ते टिंगल करत नव्हते, मोहिनी. ते खूश होते. त्यांना गाणं पाठ होतं आणि त्यात आपणही काहीतरी करायचं असतं असं त्यांना वाटत होतं. ते मी त्यांना शिकवलं होतं.

तू थांबलीस. योगेशला कळलं नाही, तो वाजवत राहिला. तू गिटार उतरवून स्टँडला नीट टेकवलीस. मागे, पडद्याआड, मी तुझ्यामागे आले तेव्हा तू म्हणालीस, "तुला उत्तर माहीत नव्हतं तर गप्प बसायचं होतंस."

"ऐक ना –"

"नाही. तुझ्याकडे सगळ्याला आकडा असतो. माझ्या आईलाही तू आकडाच लावलास. चार!"

योगेश आला आणि म्हणाला, "अरे, पब्लिक ओरडतंय, काय करू?" तू त्याला म्हणालीस, "तू वाजव. तुझ्याकडे काठ्या आहेत." ते आपल्या तिघांचं शेवटचं बोलणं.

तुझ्या वाक्यात एक चूक होती. मला उत्तर माहीत होतं.

तिसऱ्या टेकच्या आधी मी बाहेर हॉलमध्ये टेबलाशी बसले होते, हेडफोन लावून. योगेशचे ड्रम आधीच वाजवून झाले होते, तो नाक्यावर वडापाव आणायला गेला होता. खोलीत तू एकटी. तुझा माइक मी उघडा ठेवला होता. रेकॉर्ड होत नव्हतं, पण मला ऐकू येत होतं. तुझा फोन वाजला. तू बोललीस ते सगळं मी ऐकलं. हेडफोन काढायला हवे होते. काढले नाहीत.

तू म्हणालीस, "कुठं हाय तू?... इथं? इथं कशाला आली, आई?... नाय, नाय. आत नको येऊ. लोक हायेत इथं... कामावरनं आली का तशीच? शर्ट घातलेला हाय ना? मग तर नकोच... मामांचं हाय हे सगळं. ते वळखतील ना तुला... मी येते ना रविवारी. जा तू. गाडी पकड, टोळी निघून जाईल."

मग बराच वेळ काही नाही. मग तू मला म्हणालीस, "घे ना. झाली मी तयार." तुझा आवाज तेव्हाच थोडा हलला होता.

सावित्रीबाईंनी मामाच्या बागेत द्राक्षांच्या विरळणीला, घडांतले जास्तीचे मणी काढायला, काही हंगाम काढले होते, हे तू आम्हाला सांगितलं नव्हतंस. त्या वर्षी त्या मजुरांच्या टोळीबरोबर शेजारच्या बागेत होत्या, एवढंच. साडीवर पुरुषी शर्ट, डोक्याला फडकं. मामाने ओळखलं असतं. त्याने काय केलं असतं मला माहीत नाही. बहुतेक चहा पाजला असता आणि मग आम्हा सगळ्यांसमोर म्हणाला असता, अरे, ही आपल्या सावित्रीची पोर का! आणि तुला ते 'आपल्या' ऐकायचं नव्हतं. हे मला तेव्हाच कळलं. मी तुला दोष दिला नाही. आजही देत नाही.

मुलाखतवाल्याने 'कुणासाठी' विचारलं तेव्हा मला वाटलं, तू सापडलीस. मला वाटलं, हा आता खोदत जाईल आणि तुला ते पत्र्याच्या भिंतीआडचं बोलणं जगासमोर सांगावं लागेल. मी हाताला लागलं ते मध्ये टाकलं. ते थंडीचं होतं.

तू स्वतःहून सांगायला बसली होतीस, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण योगेश काल आला होता. एकलहऱ्याहून इकडे तो उगाच येत नाही. तो तुमच्या गावाला दहाव्याला गेला होता तेव्हाचं सांगत होता. तू त्याला म्हणालीस म्हणे, "मी तिला गाणं ऐकवलंच नाही. आधी म्हटलं, मुलाखतीत नाव घेईन, मग ऐकवीन. मग लोक हसायला लागले, तेव्हा लाज वाटली. जिच्यासाठी होतं तिनंच ऐकलं नाही, तर बाकीच्यांनी का ऐकावं?"

योगेश म्हणाला, "बरोबर आहे ना तिचं? तूच सांग."

मी त्याला सांगितलं नाही. आधी तुला सांगायला हवं.

तेजस्विनी


अंबड
१७ नोव्हेंबर

मोहिनी,

हे मी तुला सांगणार नाही असं कुणालातरी कबूल केलं होतं. ज्यांना कबूल केलं त्यांना आता विचारता येत नाही. ठरवलं ते मी एकटीने, त्याचं जे काही होईल ते माझ्यावर.

तुझा फोन संपल्यावर तू लगेच "घे ना" म्हणाली नाहीस. मधे बराच वेळ गेला, असं मागच्या पत्रात लिहिलं आहे. त्या वेळात मी जागेवर नव्हते.

मी मागच्या बाजूला गेले, जिथून कंटेनरमध्ये माल चढवतात त्या ओट्यावर. सावित्रीबाई तिथे होत्या. गेल्या नव्हत्या. रिकामा क्रेट पालथा घालून त्यावर बसल्या होत्या आणि खोलीच्या भिंतीला कान लावला होता.

मी म्हटलं, "काही ऐकू येतंय का मावशी?"

त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "नाय बा. लय जाड हाय भिताड. आतमधी द्राक्षं मेली तरी कळायचं नाय."

"मी मोहिनीची मैत्रीण. तेजस्विनी."

"मंग तू ती मशीनवाली. बोलती ती तुझं." मग म्हणाल्या, "मी निघालेच हाय."

मी आत गेले. दुसरा हेडफोन आणि आपली सगळ्यात लांब वायर घेतली, बाजूच्या दारातून ओट्यापर्यंत ओढली. त्यांना म्हटलं, "हे कानाला लावा."

"नको गं. हात चिकाट हायेत माझे. खराब व्हईल तुझं."

"होऊ द्या."

फडक्यावरूनच मी हेडफोन त्यांच्या डोक्यावर बसवला. त्यांनी दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले, कशाला लागू नयेत म्हणून. मी म्हटलं, आता ती गाईल. त्यांनी मान हलवली आणि मला जा म्हणून खूण केली, जशी लहान मुलाला करतात.

मी टेबलाशी आले. तू म्हणालीस, "घे ना." मी बटण दाबलं.

तिसरा टेक त्यांनी ऐकला, मोहिनी. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, तू गात असताना, तुझ्यात आणि त्यांच्यात एक भिंत असताना. तो टेक त्यांनी आणि मी एकाच वेळी ऐकला. जगात तो सगळ्यात आधी ऐकलेली माणसं आम्ही दोघी.

गाणं संपल्यावर मी ओट्यावर गेले. हेडफोन त्यांनी काढून पदराच्या टोकाने पुसला होता आणि क्रेटवर ठेवला होता. डोळे कोरडे होते. म्हणाल्या, "चढावर बोलायची ना, तशीच गाती. पाणी घेऊन वर यायचो आम्ही झऱ्यावरनं, मी पुढं, ही मागं. दम लागायचा, अर्ध्यात थांबायची, पण बोलायचं सोडायची नाय. टिटवी म्हणायचो तिला."

मी म्हटलं, "मी तिला बोलावते."

तेव्हा त्यांनी माझा हात धरला. चिकट होता, खरंच.

"नको. मी आयकलं हे बी नको सांगू तिला."

"का?"

"तिनं जा म्हटलं, मी गेले. तसंच ऱ्हाऊ दे. नायतर तिला दोनदा लाज वाटंल. एक माझी, एक सोताची." मग त्या हसल्या. "ती मोठी व्हईल, तवा सोताहून बोलवंल मला. म्हणंल, आई, बस, आयक. तवा मी पहिल्यांदाच आयकल्यावानी करन. कळू बी देणार नाय. तू बी कळू देऊ नको."

मी हो म्हटलं. त्या टोळीच्या गाडीकडे पळत गेल्या आणि मी हेडफोन आणि वायर गुंडाळून आत आणली. तू खोलीतून बाहेर आलीस, मागे ओट्यावर जाऊन आलीस आणि मला विचारलंस, "कुणी आलं होतं का?" मी नाही म्हटलं.

तू सोताहून बोलावण्याची त्या वाट पाहत होत्या. तू त्यांना त्या दिवशी शेजारच्यांच्या मोबाइलसमोर बसवलंस आणि बोलवायला तोंड उघडलंस. आणि तिथे मी चार अंश म्हटलं. तुझं गुपित राखते आहे असं मला वाटलं, त्यांनाही दिलेला शब्द पाळते आहे असं वाटलं. दोन्ही पाळले आणि ज्यासाठी ते पाळायचे होते तेच होऊ दिलं नाही. याच्यावर मला दुसरं काही लिहिता येत नाही. लिहून पाहिलं, खोडलं.

माझ्याकडे पुरावा नाही. रेकॉर्डिंग तुझ्या बाजूचं आहे, ओट्यावरचं नाही. मी हे सगळं रचलं असं तू म्हणू शकतेस, कारण एकदा रचलेलं आहे. पण टिटवी हे नाव तू कधी मला सांगितलेलं नाहीस, आणि तुमच्या घरातल्या दुसऱ्या कुणाला मी भेटलेली नाही.

क्षमा मागायला हे लिहिलेलं नाही. तू परत यावंस म्हणूनही नाही, निदान आज नाही. "जिच्यासाठी होतं तिनंच ऐकलं नाही" या कारणाने तू गाणं काढायला सांगितलंस. ते कारण खरं नाही. दुसरी कारणं असतील तर ती तुझी, मी त्यात पडणार नाही.

गाणं ठेवायचं ठरलं, तर त्याच्यासोबत काय लिहायचं तेही तूच सांग. कंपनीच्या पानावर ते थंडीचं वाक्य अजून आहे. मी त्यांना काढायला सांगितलं आहे. त्या जागी तुझ्या आईचं नाव द्यायचं की जागा रिकामी ठेवायची, हे मला ठरवता येणार नाही.

तुझा निरोप मी बदललेला धरत नाही. उत्तर आलं नाही तर ठरल्याप्रमाणे गाणं काढून टाकायचं पत्र देईन, माझ्याकडे ठेवलेली प्रतही पुसेन. मी तसं करते, तुला माहीत आहे.

लांब लिहायची गरज नाही. 'ठेव' किंवा 'काढ', एवढा एक शब्द पुरे. शाळेत रेंज नसेल तर पोस्टकार्ड चालेल, पत्ता पाकिटावर आहे.

बुधवार, २६ नोव्हेंबरपर्यंत कळव.

तेजू